कळा मोजणारे हात

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा गमतीचा आहे. यंत्राची कळ वेगळी, दुखण्याची कळ वेगळी आणि कुणाची कळ काढणे आणखीच वेगळे. बाळंतपणात मात्र या शब्दाची गंमत संपते. तिथे प्रश्न एकच असतो, आणि तो बहुधा रात्रीच विचारला जातो. ही कळ खरी की खोटी? निघायचे की थांबायचे?

शाळेत इतिहास शिकवताना जन्मतारखा मी फळ्यावर पुष्कळ लिहिल्या. पण त्या तारखेच्या आदल्या रात्री एक बाई विव्हळत होती, तिच्या पोटावर कुणीतरी हात ठेवून बसले होते आणि घराचे कान त्या खोलीकडे लागले होते, ही गोष्ट कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्या हाताचाही इतिहास आहे. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा तो थोडाथोडा गोळा होत गेला. आज तोच सांगावा म्हणतो.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या कळांना 'आवी' म्हटले आहे. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की आजच्या प्रसूतितज्ज्ञालाही मान डोलवावी लागेल. पहिली म्हणजे, कळ आलेली नसताना बाईने जोर करू नये. तो जोर फुकट जातो आणि आई व मूल दोघांनाही बाधतो. कळ येईल तेव्हाच जोर लावायचा, तोही आधी हळू आणि मग वाढवत. म्हणजे जवळ बसलेल्या बाईला कळ कधी आली आणि कधी ओसरली हे ओळखता आले पाहिजे. दुसरी गोष्ट उखळ-मुसळाची. कळा सुरू झाल्यावर बाईला उखळात धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत होते. आत्रेय ते साफ नाकारतात. अशा वेळी जड मेहनत नको, फेऱ्या मारणे पुरे, असे ते सांगतात. गरोदर बाईभोवती कुणी असावे हेही तिथे आले आहे. अनेक बाळंतपणे झालेल्या, प्रेमळ, तिला धीर देणाऱ्या बायका. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

पण 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. ग्रंथ होते तरी बायका मरत होत्या. कळ ओळखणे हा अर्धा भाग झाला. कळा येताहेत पण मूल पुढे सरकत नाही, अशा वेळी काय करायचे याला त्या काळी जगात कुठेच धड उत्तर नव्हते.

ग्रंथातली विद्या सुईणीपर्यंत ग्रंथातून आली नव्हती. ती आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे गेली. आमच्या लहानपणी गल्लीत येणाऱ्या सुईणबाईंकडे घड्याळ नव्हते, आणि असते तरी त्यांना वाचता आले नसते. त्या पोटावर पंजा सपाट ठेवत आणि डोळे मिटून बसत. गर्भाशय हा मुळात स्नायू. कळ येते तेव्हा तो आवळतो आणि पोट हाताला दगडासारखे लागते; ओसरली की सैल पडते. कळ कमरेतून निघून पुढे येते का, दोन कळांतला वेळ कमी होतो आहे का, चालल्यावर किंवा पडून राहिल्यावर ती थांबते का, एवढ्यावरून निदान होई. चालून थांबली तर खोटी. सरळ आणि पुष्कळदा बरोबर ठरणारा नियम. पण सुईणीचा हात चुकला, किंवा हात बरोबर असून पुढचा उपाय नसला, तर दोन जीव जात.

एकोणिसाव्या शतकात सरकारदरबारी सुईणीची प्रतिमा 'अडाणी आणि अस्वच्छ' अशी झाली. १८८५ साली डफरिन फंड सुरू झाला, १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. हेतू चांगला होता. नाळ कापण्याची अस्वच्छ पद्धत खरोखरच जीवघेणी होती. पण दायांना शिकवायला निघालेल्यांपैकी दायांकडून काही शिकावे असे फार थोड्यांना वाटले.

या सगळ्यात एक नाव वेगळे उठून दिसते. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर व्हायचे हे त्यानंतर ठरले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आपण सहसा सांगत नाही, नुसते 'पहिल्या महिला डॉक्टर' म्हणून मोकळे होतो. विषय होता, आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत बसून या वीस वर्षांच्या मुलीने आपल्या जुन्या ग्रंथांतले बाळंतपण पाश्चात्त्य विद्येशेजारी मांडले. पुढच्या फेब्रुवारीत, १८८७ साली, क्षयाने त्या गेल्या. दोन्ही विद्या येणारी एक बाई आपल्याला मिळाली होती आणि एकाही बाळंतिणीपर्यंत ती पोहोचू शकली नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

आता जरा युरोपात जाऊ. १८७२ हे साल या विषयात मोठे योगायोगाचे आहे. त्या वर्षी लंडनचे डॉ. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी लिहिले की गर्भाशय फक्त बाळंतपणातच आवळते असे नाही. गरोदरपणात पहिल्या काही महिन्यांपासून ते अधूनमधून आवळत आणि सैल होत असते. आज ज्यांना आपण 'खोट्या कळा' म्हणतो त्यांना डॉक्टर ब्रॅक्स्टन हिक्स कळा म्हणतात त्या यांच्यामुळे. गंमत अशी की हिक्स यांनी त्यांना खोट्या म्हटले नव्हते. बाई गरोदर आहे हे ओळखायची ती एक खूण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिश शाट्झ यांनी गर्भाशयात एक लहान फुगा सरकवून, तो दाबमापक नळीला जोडून, कळेचा जोर प्रथमच मोजला. एकाने हाताने ओळखले, दुसऱ्याने यंत्राने मोजले. हात आणि यंत्र हे दोन रस्ते तिथून सुटले ते अजून एकमेकांना भेटत, पुन्हा दुरावत चाललेच आहेत.

यंत्राचा रस्ता दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशात राजमार्ग झाला. राजधानी माँटेव्हिडिओ इथे डॉ. अल्वारेझ आणि डॉ. काल्देयरो-बार्सिया यांनी १९४७च्या सुमारास बारीक नळीने गर्भजलातला दाब मोजायला सुरुवात केली. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येकीचा जोर सरासरी किती, यांचा गुणाकार म्हणजे 'माँटेव्हिडिओ एकक'. गणिताच्या शिक्षकाला आवडावी अशी गोष्ट! एका बाईच्या वेदनेचा गुणाकार. तरी त्यातून निघालेली माहिती अमोल होती. कळ येते तेव्हा वारेकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो, आणि कळ ओसरली की पूर्ववत होतो. म्हणजे दोन कळांमधली सवड आईच्या विश्रांतीसाठी असते, तशीच बाळाच्या प्राणवायूसाठीही असते. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा आल्या तर बाळाचा श्वास कोंडल्यासारखे होते. ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले ते विन्सेंट दु विन्यो यांनी, १९५३ साली, आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले. योग्य हातात ते वरदान आहे. पण 'कळा येण्याचे इंजेक्शन' म्हणून घरी, मोजमाप न ठेवता ते टोचले गेले तेव्हा त्याने जीवही घेतले आहेत. कळा जास्त म्हणजे बाळंतपण लवकर, हा समज फार महागात पडतो.

१९५५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पहिलटकरणींच्या ५०० बाळंतपणांच्या नोंदींवरून आलेख मांडला. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडले ते. पण त्या आलेखाचा खरा उपयोग करून दाखवला तो आफ्रिकेत. तेव्हाचे ऱ्होडेशिया, आजचे झिंबाब्वे. फिलपॉट आणि कॅसल या दोघा डॉक्टरांपुढची अडचण आपल्या ओळखीची होती. दूरदूरच्या दवाखान्यांत फक्त सुईणी, मोठे रुग्णालय मैलोन्मैल लांब. तिथल्या सुईणीने बाईला पुढे कधी पाठवायचे? त्यांनी आलेखावर दोन तिरप्या रेघा मारल्या. पहिली सावध करणारी. बाळंतपण तिच्या मागे पडले तर निघायची तयारी करा. दुसरी चार तासांनंतरची. तिच्याही मागे पडले तर आता काहीतरी केलेच पाहिजे. हा शोध १९७२ साली छापून आला, हिक्स आणि शाट्झ यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

या तक्त्याला पार्टोग्राफ म्हणतात. त्यात कळांसाठी चौकटी असतात. दहा मिनिटांत जितक्या कळा तितक्या चौकटी भरायच्या. कळ वीस सेकंदांपेक्षा कमी टिकली तर चौकटीत ठिपके, वीस ते चाळीस सेकंद असेल तर तिरप्या रेघा, चाळीसच्या वर गेली तर चौकट पूर्ण काळी. हे मोजायला यंत्र लागत नाही. नर्सबाईचा एक हात पोटावर, दुसऱ्या हातात घड्याळ. सुईणीचा हात शंभर वर्षांनी कागदावर आला तो असा.

नुसता कागद आणि पेन्सिल काय करील, असे कुणाला वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातल्या रुग्णालयांत हा तक्ता वापरून पाहिला. ३५,४८४ बाळंतपणांचा तो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. अठरा तासांपेक्षा लांबलेल्या बाळंतपणांचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. कळा वाढवण्याचे औषध द्यावे लागण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. मृत जन्मही घटले.

श्रीमंत देशांत त्याच काळात यंत्र पुढे धावत होते. पोटाला दोन पट्टे, आणि सरकणाऱ्या कागदावर दोन रेषा. वरची बाळाच्या ठोक्यांची, खालची कळांची. आज नाशकातल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत ते यंत्र दिसते आणि नातेवाइकांच्या नजरा बाईऐवजी त्या कागदाकडे लागलेल्या असतात. यंत्र वाईट नाही. जोखमीच्या बाळंतपणात त्याची गरज असते. पण सरसकट सगळ्यांना सतत ते लावून काय साधते? ३७ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ठराविक अंतराने कानाने ठोके ऐकण्याच्या तुलनेत नवजात बाळांना येणारे झटके कमी झालेले दिसले, हा फायदा खरा. पण बाळांचे मृत्यू किंवा मेंदूचा पक्षाघात यांत फरक पडला नाही, आणि सिझेरियन मात्र वाढली.

अमेरिकेत १९८०च्या दशकात याहीपुढची पायरी आली. अकाली बाळंतपणाची भीती असलेल्या बायकांना घरीच पट्टा द्यायचा, रोज ठराविक वेळ कळा नोंदवायच्या आणि टेलिफोनवरून त्या नोंदी नर्सकडे पाठवायच्या. १९९८ साली २,४२२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत दिसले की पट्टा बांधणाऱ्या आणि नुसतेच नर्सच्या संपर्कात असणाऱ्या बायकांत अकाली प्रसूतीचे प्रमाण सारखेच राहिले. २००२ साली ३०६ स्त्रियांच्या जवळजवळ पस्तीस हजार तासांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नुसत्या कळांच्या संख्येवरून अकाली बाळंतपणाचे भाकीत करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यातच एक नोंद अशी की कळा दुपारी चारनंतर ते पहाटे चारपर्यंत जास्त येतात. हे वाचून मला हसू आले. दुखणे रात्रीच का सुरू होते, याचे नवल आपल्या आज्या करत आल्याच होत्या की!

अकाली प्रसूतीच्या बाबतीत एक मोलाची वाट आपल्या मुंबईने दाखवली होती. मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली गर्भाशयाचे सैल तोंड टाका घालून बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. काही बायकांत दोष कळांचा नसून तोंड कमकुवत असण्याचा असतो, हे त्यांनी ओळखले. 'शिरोडकर टाका' आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो.

आता आपल्या खेड्यांकडे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांत ७७२ स्त्रियांचा अभ्यास केला. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बायकांनी घरच्या बाळंतपणात जवळ राहून नोंदी ठेवल्या. लांबलेले बाळंतपण दर शंभरात दहा जणींचे आढळले. शंभरातल्या पंधरा जणींना तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज होती. दहा आणि पंधरा हे आकडे लहान वाटतात, पण त्या पंधरा जणी कोण असतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून तर मोजत बसायचे!

त्यानंतर महाराष्ट्र पुष्कळ बदलला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ६४.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ९४.७ टक्के. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. आशाताई, जननी सुरक्षा योजना, २०१४ पासूनची १०८ रुग्णवाहिका, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. हे यश लहान नाही. ज्यांच्या घरात बाळंतपणाने आई गेली, त्यांना त्याचे मोल विचारा.

पण सरासरीच्या पोटात पुष्कळ काही दडते. आपल्याच नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरांत अशा वाड्या आहेत जिथे पावसाळ्यात वाट उरत नाही. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. वाडीला गाडीरस्ता नव्हता. सुमारे अडीच किलोमीटर पायी चालत ती रस्त्याला लागली. ती वाचली नाही. ही बातमी वाचली त्या दिवशी ऱ्होडेशियाच्या त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. 'आता पुढे पाठवा' असे रेघ सांगते. पण पाठवायचे कशावरून? रेघेच्या पुढे रस्ता आहे असे धरूनच तो तक्ता आखलेला आहे. कळा कितीही अचूक मोजल्या तरी त्या मोजण्याचा अर्थ पुढच्या अडीच किलोमीटरवर ठरतो.

याच राज्यात दुसरे टोकही आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. त्यातली अनेक अत्यावश्यक असतील, आईबाळ वाचले असतील. पण कुठे कळांची वाट पाहायला कुणाला सवड नाही आणि कुठे कळा सुरू झाल्यावर पोहोचायला वाट नाही, हे एकाच जिल्ह्यात घडावे याचे मन खिन्न होते.

वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी लेक-सून नवव्या महिन्यात असेल, म्हणून चार कामाच्या गोष्टी लिहितो. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ घड्याळावर धरावा आणि कळ किती टिकली तेही लिहावे. कळा नियमित होऊन जवळजवळ येऊ लागल्या, जोर वाढू लागला, विश्रांतीनेही थांबल्या नाहीत, तर त्या खऱ्या. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभर, आणि असे तासभर चालले तर निघावे, असे पहिलटकरणीला सहसा सांगतात. पण दवाखाना लांब असेल, किंवा आधीचे बाळंतपण झपाट्याने झाले असेल, तर एवढे थांबू नये. पाणमोट फुटली, रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, किंवा सदतिसावा आठवडा भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर मोजत बसू नका, निघा. आणि खोट्या कळांसाठी दवाखान्यातून परत यावे लागले तर त्या मुलीला हसू नका. एकदा हसलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

शेवटचा मुद्दा. पार्टोग्राफची चिकित्सा पुढेही चालू राहिली. दर तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा सगळ्याच बायकांना लागू पडत नाही, हे ध्यानात आले. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता काढला. कळांची नोंद त्यात आहेच, बाळाचे ठोकेही आहेत. पण बाळंतपणाच्या प्रगतीच्या रकान्यांच्या कितीतरी आधी, अगदी वरच्या भागात एक रकाना आहे: सोबतीला कुणी आहे का? बाजूला कुणी बसलेले असले की बाळंतपण अधिक सुरळीत पार पडते, हे आता चाचण्यांनी सिद्ध झाले आहे.

प्रेमळ, धीर देणाऱ्या बायकांनी तिच्याभोवती बसावे, असे चरकाने लिहिले होते. दवाखाने झाले तेव्हा स्वच्छतेच्या नावाखाली आपण त्यांना दाराबाहेर बाकावर बसवले. आता एका छापील रकान्यातून त्यांना पुन्हा आत बोलावणे आले आहे. बरे झाले. फक्त त्यांनी आत येताना घड्याळ आणावे, आणि त्या बाईला वाडीवरून तिथवर पोहोचवणारा रस्ता आपण सगळ्यांनी मिळून आणावा.